वैयक्तिक वापरासाठी

पिशवी उघडा म्हटलं की लोक आधी कपडे दाखवतात.
औषधं नेहमी तळाशी.
सार्पीच्या नाक्यावर, या टेबलामागे, सोळा वर्षं झाली मला;
माणसांची दुखणी मला त्यांच्या घरच्यांआधी कळतात.
मानेवर वाघ गोंदलेला ट्रकवाला
मूळव्याधीचं मलम मोज्यात लपवतो.
नवी नवरी
झोपेच्या गोळ्या पावडरच्या डबीत.

ही बातुमीची. त्सियाला. वय सदुसष्ट.
हिने उलटंच केलं, आधी औषधंच काढली.
सहा खोकी, रबर लावून बांधलेली,
वर डॉक्टरचा कागद, निळा शिक्का,
आणि अक्षरं अशी, की कुणी स्वेटर उसवून
लोकर तशीच टाकून गेलंय.
त्सामाली, ती म्हणाली. त्सामाली.
एवढा शब्द मला येतो.
आम्ही त्याला इलाच म्हणतो.

मग तिने कपाळाला बोट लावलं,
हात झटके आल्यासारखा हलवला, डोळे वर नेले.
रांगेतला एक पोरगा हसला.
मी पाहिलं त्याच्याकडे. गप्प झाला.

फेफरं. ठीक.
हिशोब करायचा असतो, तो केला:
रोज दोन, परतीचं तिकीट बाराव्या दिवशीचं,
चोवीस गोळ्या.
सहा खोकी, प्रत्येकात तीस.
मी पुन्हा मोजलं. आकडा काही कमी होईना.

आजी, मुक्कामापुरतंच नेता येतं.
बाकीचं इथे ठेवावं लागेल. माझा नाइलाज आहे.

तिला बाजारापुरती तुर्की येते,
दर विचारण्याची, नको म्हणण्याची.
त्याच शब्दांत तिने सांगितलं,
मध्ये मध्ये थांबून, जणू सुटे पैसे मोजतेय:
घरी खोकं मुलाच्या कपाटात.
किल्ली मुलाच्या खिशात.
रोज रात्री तो बशीत दोन गोळ्या आणतो,
मी गिळेपर्यंत उभा राहतो,
तोंड उघड म्हणतो, जीभ वर कर.
गोचा चांगला आहे, हं. वाईट नाही.
अकरा वर्षं.

आणि रिझेला?
रिझेला नातेला आहे. मैत्रीण. चहा खुडते.
उतारावर पडलीस तर, मी विचारलं,
हातात कात्री, आणि झटका आला तर?
ती म्हणाली, तर पडेन.
नातेलाला ठाऊक आहे, कुशीवर वळवायचं.

म्हणजे ते तिकीट...
तिकीट गोचाला दाखवायला, ती म्हणाली,
आणि पहिल्यांदाच टेबलावरून हात उचलून
खोक्यांवर ठेवला, सहाच्या सहा खोक्यांवर,
कुणी झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा.

बाहेर ट्रकांनी हॉर्न लावले होते.
जेवदेत यंत्रापाशी शेंगदाणे नाही, हेझलनट फोडत होता,
दाताने, सांगून सांगून दमले त्याला.
फॉर्मवर रकाना असतो: प्रमाण.
त्याच्या पुढचा: कारण.
प्रमाणात मी लिहिलं, सहा खोकी. खरं तेच.
किती दिवसांची, हे तिथे विचारलेलं नाही.
कारणात लिहिलं, जे रोज लिहिते, पन्नास वेळा,
अक्षरंही न बघता:
वैयक्तिक वापरासाठी.
आज बघितली.

तिने खोकी पिशवीत भरली,
तळाशी नाही, अगदी वर,
आणि चेन उघडीच ठेवून निघाली.
काचेपलीकडे तिचा हिरवा रुमाल
टॅक्सीवाल्याशी भाव करत होता,
नको, नको म्हणत.

हे बरोबर केलं का, ते मला माहीत नाही.
एखाद्या संध्याकाळी फोन येईल कदाचित,
एक पत्ता विचारणारा, गोचा नावाचा, चांगला माणूस.

चारला चहा आला.
बशीत, नेहमीसारख्या,
साखरेच्या दोन पांढऱ्या वड्या.
जेवदेत म्हणाला, टाक की, निवतोय.
टाकते रे, म्हटलं.
माझं मी बघते.